जुनी पिकअप ऑइल खातेय: १५-४० चालू ठेवू की २०-५० टाकू?

हौदा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.
माझी पिकअप आहे, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. १७ वर्षं झाली, ३,४०,००० किमी पळालीय. मागच्या हौद्याचा पत्रा दोनदा बदलून झाला, पण इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही. गेल्या वर्षभरात मात्र ऑइल खायला लागलीय. साधारण ७०० किमीला एक लिटर. जिथं उभी करतो तिथं खाली थेंबसुद्धा नसतो, म्हणजे जळतंय हे नक्की. सकाळी सुरू केली की धूर मारते, मग निवळतो. ओढायला पूर्वीसारखी नाही, पण भरलेला माल नेते.
आत्तापर्यंत १५डब्ल्यू-४० ग्रेडचं (म्हणजे जाडीचं) ऑइल टाकत आलो. एक जण सांगतो त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाक, दुसरा म्हणतो सिंथेटिक टाक, तिसरा म्हणतो इंजिन उतरव आणि मोकळा हो. इंजिन बांधायचं नाहीये. अजून दोन-तीन वर्षं अशीच रेटायची आहे. तर कुठलं ऑइल टाकू?

बारा-तेराचा पाना
२०-५०. डोळे मिटून. जाड ऑइल कमी जळतं. विषय संपला.

गुळगुळीत टायर
माझ्याकडे ४ लाख झालेली होती. २०-५० टाकलं तेव्हा थोडं कमी झालं, पण थोडंच. आणि पहाटे स्टार्ट केल्यावर टॅपेटचा आवाज जास्त वेळ यायचा.

जुना फिटर
हौदा, ऑइल कुठलं टाकायचं ते नंतर बघू. ते जातंय कुठून, हे आधी कळायला हवं. या प्रश्नांची उत्तरं द्या, अंदाजाने नको, बघून द्या.
धूर निळा, पांढरा की काळा? वास कसला?
धूर फक्त सकाळी, की भरलेली गाडी चढावर ओढतानाही आरशात दिसतो?
इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून वाफ किती येते? झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. हलत राहिलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली येतोय.
टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. ओलसर असतोच, पण ऑइल साचलंय का?
ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी कधी बघता? गरम इंजिनवर लगेच, की सकाळी थंड?

हौदा
फिटर काका, एवढं कोणी विचारलंच नव्हतं. जमेल तेवढं आजच बघितलं.
धूर पांढरट, जरासा निळसर म्हणता येईल. डोळ्याला झोंबतो. सकाळी अर्धा-पाऊण मिनिट, मग नाही. चढावर आरशात काही दिसत नाही, पण मागून येणारे सांगतात की कधीकधी दिसतो.
झाकण उलटं ठेवलं, थरथरलं, पडलं नाही.
टर्बोचा पाइप रविवारी काढतो.
पट्टी... खरं सांगू? ऑइलचा दिवा लुकलुकायच्या आधी कधीतरी. आणि टाकताना वरच्या खुणेच्या जरा वरच ठेवतो, म्हणजे तेवढीच निश्चिंती.
ता.क. पिकअपचंच पिकअप गेलंय, हा विनोद घरात सगळ्यांचा करून झालाय, इथे कोणी करू नये.

बारा-तेराचा पाना
सकाळी धूर, मग बंद. व्हॉल्व्ह सील. शंभर टक्के. रात्रभर व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल खाली उतरतं, सकाळी जळतं. उतार गिअरमध्ये उतरून खाली पुन्हा एक्सलरेटर दाबा, भप्पकन धूर आला तर पक्कंच.

ग्रेडपारखी
पाना, ती उताराची खूण पेट्रोल गाडीची. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटलची पाकळी बंद होते, मॅनिफोल्डमध्ये जोरदार पोकळी तयार होते आणि ती गाइडमधून ऑइल ओढून घेते. जुन्या डिझेलला अशी पाकळीच नसते. हवा कायम मोकळी येते, उलट टर्बो ती दाबून भरतो. त्यामुळे डिझेलमध्ये सील गेली तरी उताराची चाचणी फारसं काही सांगत नाही.
आणि 'डोळ्याला झोंबतो' हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जळलेल्या ऑइलचा धूर निळा असतो, वास करपट. न जळलेल्या डिझेलचा धूर पांढरट, आणि तोच डोळे झोंबवतो. हौदा, थंड सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तपासलेत का? चारपैकी एक मेला असेल तर थंड इंजिनात तो सिलिंडर अर्धा मिनिट नीट पेटत नाही. म्हणजे सकाळचा धूर आणि ऑइल खाणं हे कदाचित दोन वेगळे आजार आहेत.

जुना फिटर
पारखींशी सहमत. हीटर प्लग आधी.
आणि हौदा, 'वरच्या खुणेच्या जरा वर' म्हणजे किती वर?

हौदा
दोन बोटं? कमीच असेल. काका, जास्त ऑइल असलं तर वाईट काय, कमी असण्यापेक्षा बरंच ना?

जुना फिटर
नाही. क्रँक खाली फिरते, तिला ऑइल लागायला लागलं की ताक घुसळल्यासारखं घुसळते. फेस येतो, बारीक तुषार उडतात, ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेने, वर जातात आणि ब्रीदरचा पाइप तुमच्या हवेच्या नळीत म्हणजे टर्बोच्या तोंडाशी सोडलेला असतो. म्हणजे जास्तीचं ऑइल इंजिन स्वतःच पिऊन टाकतं. मग तुम्ही म्हणता पातळी पटापट उतरतेय, आणि परत वर भरता.
ऑइल बदलताना किती लिटर ओतलं जातं?

हौदा
सात. सात लिटरचा डबा येतो, सगळा जातो.

जुना फिटर
पुस्तिका उघडा. त्यात दोन आकडे असतील. एक, इंजिन पूर्ण कोरडं असताना लागणारं ऑइल. दुसरा, फिल्टरसकट बदलताना लागणारं. दुसरा वाचा.

हौदा
...६.२ लिटर. म्हणजे मी वर्षानुवर्षं पाऊण लिटर जास्त भरतोय.

बारा-तेराचा पाना
😀 पाऊण लिटरचं कोडं सुटलं. तरी २०-५० टाकाच.

वहीखाते
मध्ये बोलते. आमच्याकडे तीन मालवाहू गाड्या आहेत, त्यातल्या दोन ऑइल खातात. '७०० किमीला लिटर' हा आकडा मला पटला नाही, कारण तो कसा मोजला ते दिसत नाही. दादा, ऑइल न बदलता आधी मोजायला शिका. मी असं करते: गाडी रोज एकाच सपाट जागी उभी असते, सकाळी सुरू करायच्या आधी पट्टी बघते. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये किती ऑइल बसतं ते एकदाच मोजून ठेवलंय (आमच्या एका गाडीत लिटर बसतं, दुसरीत सव्वा). पातळी मध्यावर आली की मापाने अर्धा लिटर टाकते, खालच्या खुणेपर्यंत जाऊ देत नाही आणि वरच्या खुणेच्या खालीच थांबते. वहीत तारीख, किमी, किती मिली, आणि त्या दिवशी माल किती होता एवढंच लिहिते. दोन हजार किमी झाले की आकडा विश्वासाचा होतो. त्याच्या आधी कोणाचंही काही ऐकू नका, माझंसुद्धा.

हौदा
वहीखाते ताई, वही आणली. धागा जिवंत ठेवा, परत येतो.

चढणीचा मामा
इतक्या उठाठेवीची गरज नाही. जुन्या लोकांचा उपाय: ९० नंबरचं गिअर ऑइल पाव लिटर मिसळायचं. धूर गायब.

ग्रेडपारखी
मामा, राग मानू नका, पण हे कोणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो.
इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या नंबरांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. ९० नंबर ऐकला की ४० च्या दुप्पट जाड वाटतं, पण १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४०-५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच भरतं. म्हणजे जाडी वाढते ती नाममात्रच. वर गिअर ऑइलमधली गंधक-फॉस्फरसची रसायनं दात एकमेकांवर घासतात त्या जागेसाठी असतात. इंजिनात ती बेअरिंगच्या तांब्याच्या मिश्रधातूला खाऊ शकतात. आणि इंजिन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी रसायनं असतात, ती गिअर ऑइलमध्ये नाहीत. पाव लिटर टाकलं म्हणजे तेवढं चांगलं ऑइल बाहेर ठेवलं.
नंबरांचं बोलणं निघालंच आहे तर हेही सांगतो. १५डब्ल्यू-४० मधला ४० म्हणजे १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक). ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पट्टा केवढा रुंद आहे बघा. एक ४० ग्रेड १३ वर असेल, दुसरं १५.५ वर, डब्यावर दोघांच्याही ४० च. म्हणून जुन्या इंजिनाला ५० कडे उडी मारण्याआधी माहितीपत्रक बघून वरच्या टोकाचं ४० घेता येतं. 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. १५डब्ल्यूची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २० अंशाला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. जिथं इतकी थंडी कधीच पडत नाही तिथं २०डब्ल्यूने इंजिन अडणार नाही, पण थंड असताना ते जाडच असतं आणि टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं. टर्बोचा दांडा ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो, त्याला तो वेळ आवडत नाही.

चढणीचा मामा
बरं. माझी चाललीय अजून, पण तुमचं तांब्याचं बोलणं पटलं. पुढच्या वेळी नाही टाकत.

गुळगुळीत टायर
पारखी, मग सिंथेटिकचं काय? ऐकलंय की जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की गळायला लागतं.

ग्रेडपारखी
थोडं खरं, बरंचसं जुनं. सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलने सील आकसायचे. आता त्यात सील फुगवणारे घटकही मोजून टाकतात. राहिलेली गोष्ट अशी, की जिथं गाळाच्या थराने भेग बुजवलेली असते तिथं चांगलं धुणारं ऑइल तो थर काढतं आणि गळती उघडी पडते. तो दोष ऑइलने निर्माण केलेला नसतो, पण थेंब मात्र त्या दिवशीच दिसायला लागतो.
ऑइल खाणाऱ्या इंजिनात मी सिंथेटिकपेक्षा बाष्पीभवनाचा आकडा बघतो. २५० अंशाला एक तास ठेवून किती टक्के ऑइल उडून जातं ते मोजतात, त्याला नोआक म्हणतात. ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या एपीआय संस्थेच्या सीआय-४ वर्गाला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ ला १३. रिंगांजवळच्या उष्णतेत हलका भाग आधी उडतो. तेव्हा त्याच १५-४० मध्ये नवा वर्ग घेतला तरी जरासा फरक पडू शकतो, जाडी न वाढवता. सीके-४ जुन्या डिझेल इंजिनांना चालतं. मात्र डब्यावर एफए-४ लिहिलं असेल तर ते उचलू नका. ते मुद्दाम पातळ केलेलं, नव्या इंजिनांसाठी.

नवी फिल्टरवाली
माझी गाडी सहा वर्षांची, सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. १५०० ला अर्धा लिटर खाते. मीही सीआय-४ टाकू का?

ग्रेडपारखी
नको. ऑइल जळलं की काजळी जळून जाते पण राख राहते, आणि डीपीएफ राख जाळू शकत नाही. सीआय-४ ला राखेची मर्यादा नाही. सीजे-४ आणि सीके-४ ला १ टक्का आहे. तुमच्या पुस्तिकेत कमी राखेचा जो वर्ग लिहिलाय तोच घ्या, त्यात तडजोड नको. हौदा यांच्या गाडीला डीपीएफ नाही म्हणून त्यांना मोकळीक आहे.

तीन चाकं पुढं
पेट्रोल पिकअपवाल्यांनी काय करायचं?

जुना फिटर
प्लग काढून बघा. एकच काळा ओला असेल तर तो सिलिंडर पकडा. चारही ओले असतील तर इंजिनाची वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आधी बदला, सगळ्यात सोपं काम तेच आहे आणि सगळ्यात कमी लोक तेच करतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर जळणारं ऑइल त्याला हळूहळू मारतं, हे लक्षात ठेवा. बाकी वेगळा धागा काढा, हा डिझेलचा राहू द्या.

हौदा
मंडळी, आलो. १,८०० किमी आणि वहीची चार पानं.
पहिली गोष्ट, हीटर प्लग. तिसऱ्या सिलिंडरचा मेलेला. बदलला. सकाळचा धूर जवळजवळ गेला. वर्षभर मी त्या धुराला ऑइलचा धूर समजत होतो. पारखी, मानलं.
दुसरी, जास्तीचं ऑइल काढून पातळी दोन खुणांच्या मध्याच्या जरा वर आणली. माझ्या पट्टीवर दोन खुणांत १.१ लिटर बसतं. मग खाण्याचा वेग मोजला: १,०५० किमीला एक लिटर. म्हणजे नुसतं कमी भरून ७०० चे हजारावर.
तिसरी, टर्बोचा पाइप काढला. आत बोटभर ऑइल साचलेलं. इंटरकूलरमधून आणखी अर्धा कप निघालं. पण टर्बोचा दांडा हलवून बघितला, खेळ फारसा नाही. मग हे ऑइल टर्बोचं की ब्रीदरचं?

जुना फिटर
आता गंमत येईल. ब्रीदरचा पाइप हवेच्या नळीपासून सोडवा, भोक बंद करा, पाइपचं टोक एका बाटलीत सोडा. बाटलीचं तोंड घट्ट बंद करू नका, वाफ जायला हवी. नेहमीच्या रस्त्याने दोन-तीनशे किमी फिरा. बाटलीत ऑइल साचलं तर ब्रीदर. बाटली कोरडी आणि टर्बोनंतरचा पाइप ओला, तर टर्बो. हे फक्त तपासणीपुरतं, नंतर पाइप जागेवर.
टर्बोची ऑइल परत नेणारी खालची नळीही बघा. ती चोंदली की ऑइल उतरायला जागा नसते आणि बिचारी सील बदनाम होते.

इंजेक्टर क्रमांक ३
कृपया एक मिनिट. इंटरकूलरमध्ये ऑइल साचलंय म्हणता तर ते पूर्ण काढल्याशिवाय गाडी ताणू नका. माझ्या डोळ्यासमोर एका डिझेल इंजिनाने स्वतःचं ऑइल पिऊन पळ काढला होता. चावी बंद केली, काही उपयोग नाही. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, हवा आणि जळण मिळालं की झालं, आणि ते जळण ऑइलही असू शकतं. आवाज वाढत वाढत शिट्टीसारखा झाला, धुरात गाडी दिसेना. चालवणाऱ्याने वरचा गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबला आणि क्लच सोडला, तेव्हा इंजिन गचका देऊन मेलं. ऑटोमॅटिक असती तर हे जमलं नसतं, हवा बंद करावी लागली असती, आणि तीसुद्धा फळी किंवा जाड पत्रा लावून. हाताने कधीही नाही.

हौदा
वाचून हात थंड पडले. सगळं काढून पुसून घेतो.

बारा-तेराचा पाना
मी एवढंच म्हणतो की एकदा फ्लश मारा. जुनं ऑइल काढायच्या आधी अर्धा लिटर रॉकेल, दहा मिनिटं आयडलला. रिंगा चिकटल्या असतील तर सुटतील.

जुना फिटर
पाना, मी स्वतः ते करायचो, तरुण होतो तेव्हा. मग एका इंजिनात सुटलेला गाळ खाली ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसला. ऑइल ओढणाऱ्या त्या नळीलाही पिकअपच म्हणतात, तेव्हा हौदांचा विनोद इथेही लागू आहे. प्रेशर गेलं, बेअरिंग गेली. रॉकेलने ऑइलचा पापुद्रा पातळ होतो आणि ते सगळं बाहेरही येत नाही. सतरा वर्षांच्या इंजिनावर मी नाही करणार.
ऑइल रिंग कार्बनने जाम झाली असेल तर दोनच मार्ग. एक, चांगलं धुणारं ऑइल आणि नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदल, दोन-तीन वेळा. हळू सुटतं, पण सुटतं. दुसरा, हीटर प्लगच्या भोकातून पिस्टनवर कार्बन सोडवणारं द्रव्य रात्रभर ठेवणं. पण डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागा फार कमी असते. द्रव्य आत राहिलं आणि स्टार्टर मारला तर पिस्टन द्रवावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून उरलेलं सगळं ओढून काढून, प्लगची भोकं उघडी ठेवून आधी इंजिन नुसतं फिरवायचं, आणि मग ऑइल बदलूनच सुरू करायचं. ज्याने पूर्वी केलंय त्याच्याच हातून.

वहीखाते
दादा, अजून एक बघा. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी चिरली आहे का? आमच्या एका गाडीची चिरलेली निघाली होती, खालच्या बाजूने, वरून दिसतच नव्हती. तिथून आलेली धूळ म्हणजे रिंगांना सँडपेपर. ऑइल कुठलंही टाका, ते भोक बुजेपर्यंत काहीच उपयोग नाही.

गुळगुळीत टायर
+१. जुन्या ऑइलची तपासणी करून घेतली तर त्यात सिलिकॉन वाढलेला दिसतो. सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वर असतील तर धूळ आत येतेय असं समजायचं.

हौदा
नळी बघितली. चिरलेली नाही, पण क्लिप सैल होती. हाताने फिरत होती. किती महिने तशी होती कोण जाणे.
बाटलीचा प्रयोग: २४० किमीत बाटलीत दोन इंचांवर ऑइल, टर्बोनंतरचा पाइप पुसून ठेवला होता तो फक्त ओलसर. म्हणजे ब्रीदर. झाकणातली जाळी काढली तर ती डांबरासारखी झालेली. ऑइल वेगळं करून परत खाली सोडणारी जी बारीक नळी असते ती पूर्ण बंद. साफ केली, नवी रबरी नळी टाकली, सगळं जागेवर बसवलं.
त्यानंतर १,४०० किमी चाललोय. लिटर संपायचंय अजून, थोडं बाकी आहे.

जुना फिटर
आता कॉम्प्रेशन बघून घ्या. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. आणि पेट्रोलमध्ये करतात तसं चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं डिझेलमध्ये करू नका. जागा इतकी कमी असते की ऑइलच जागा भरतं, आकडा खोटा चढतो.

हौदा
मोजलं. २७, २७, २४, २६ बार. तिसरा जरा खाली. तोच सिलिंडर ज्याचा हीटर प्लग मेला होता.

इंजेक्टर क्रमांक ३
माझ्या नावाचा मान राखून सांगतो, तिसरा इंजेक्टर तपासा. तो थेंब गाळत असेल तर डिझेल सिलिंडरची भिंत धुतं, रिंगांना ऑइल मिळत नाही, आणि तेच डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. फसवी गोष्ट ही, की मग पट्टीवर पातळी टिकून दिसते. ऑइल जळतंय आणि डिझेल भरतंय, माणूस समजतो गाडी सुधारली. पट्टीचा वास घ्या.

वहीखाते
हे मी लिहिणारच होते. पातळी कधी वाढली तर आनंद मानू नका. डिझेल नाहीतर पाणी, दोन्ही वाईट. मी पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर सोडते. मध्ये काळा डाग, भोवती फिकट कडं. ते बाहेरचं कडं पातळ पसरत गेलं की डिझेलचा संशय घ्यायचा. पक्कं निदान नव्हे, पण वहीशेजारी कागद ठेवायला काय जातं.

हौदा
वास नाही. कागदावर कडं आहे, पण मला ते कसं वाचायचं अजून कळत नाहीये. इंजेक्टर पुढच्या महिन्यात काढून तपासून घेतो.
आता मूळ प्रश्न. ऑइल बदलायची वेळ आली होती. माझ्या पुस्तिकेत तापमानाचा तक्ता आहे आणि त्यात उन्हाळ्यासाठी २०-५० ला परवानगी आहे. पाना यांचं मन मोडू नये म्हणून एक फेरी २०-५० करतो, ६.२ लिटर मोजून. मग त्याच वहीत तुलना.

बारा-तेराचा पाना
शाब्बास. कळवा.

हौदा
उशीर झाला, माफी. ५,००० किमी झाले २०-५० वर. हे आकडे, सगळे पातळी नीट ठेवून आणि ब्रीदर साफ झाल्यानंतरचे:
१५-४० वर लिटर गेलं १,५२० किमीला. २०-५० वर सरासरी १,६९० ला.
पाना, तुम्ही खोटं बोलत नव्हता, जाड ऑइल खरंच कमी जळलं. पण ७०० चे १,५०० झाले ते पातळी, ब्रीदर आणि सैल क्लिप यांनी. ग्रेडने वर १७० किमी दिले. त्या बदल्यात सकाळी ऑइलचा दिवा विझायला एक-दोन सेकंद जास्त लागतात आणि टॅपेटची टकटक लांबते. डिझेलचं अ‍ॅव्हरेज किंचित उतरल्यासारखं वाटतं, पण ते मालावर इतकं बदलतं की छातीठोक सांगता येत नाही.

ग्रेडपारखी
असा प्रामाणिक धागा बऱ्याच दिवसांनी वाचला. माझं मत: टर्बो चांगला आहे तोवर परत १५-४० वर या. सीके-४, आणि माहितीपत्रकात १०० अंशाला १५ च्या आसपास आकडा असलेलं. मध्ये टाकायला तेच ऑइल एक-दोन लिटर गाडीत ठेवा. दुसऱ्या कंपनीचं टाकायची वेळ आली तरी घाबरू नका, एपीआयच्या वर्गातली ऑइलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा कुठलंही योग्य वर्गाचं ऑइल भरलेलं बरं.

गुळगुळीत टायर
एक शंका. एवढं ऑइल वरून टाकतोच आहोत, म्हणजे ते सतत ताजं होतंय. मग बदलायची गरज काय? आमचा एक मित्र तीन वर्षं नुसतं वरून टाकतोय.

जुना फिटर
जळतं ते ऑइल. काजळी आणि धातूचा चुरा मागेच राहतो. ६.२ लिटरमध्ये पाच हजार किमीत तीन-चार लिटर नवं पडतं, म्हणून रसायनं जरा जास्त टिकतात हे खरं. पण घाण वाढतच जाते, आणि फिल्टर स्वतःहून रिकामा होत नाही. तो भरला की बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. तुमच्या मित्राला सांगा, निदान फिल्टर तरी बदल.

हौदा
ठरलं, १५-४० सीके-४. काल भरलं. ६ लिटर ओतून थांबलो, पाच मिनिटं इंजिन चालवलं, बंद करून दहा मिनिटं वाट बघितली, मग उरलेलं जरा जरा. उरलेला डबा मागच्या सीटखाली.
तिसरा इंजेक्टरही काढून तपासला. फवारा एका बाजूला जात होता, थेंब गळत नव्हता. नोझल बदललं. कॉम्प्रेशन परत मोजलेलं नाही.

वहीखाते
दादा, नोझल बदलल्यावर वहीत रेघ मारलीत ना? आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नका.

हौदा
मारली ताई. लाल पेनाने. आज ३१० किमी झाले, पट्टी केसभर उतरलीय.